सुटलेले जोड

पाणी ओसरल्यावर आत्याच्या घराचं दार उघडेना. लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. शेजारच्या दोन मुलांनी खांदा लावला तेव्हा ते कसंबसं हातभर सरकलं, आणि आतून चिखलाचा आणि कुजलेल्या धान्याचा वास अंगावर आला. ऑगस्ट 2019, सांगलीचा गावभाग. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

आत्याच्या घराने 2005 चा पूर पाहिला होता. माजघराच्या भिंतीवर त्याची रेघ होती, गुडघ्याच्या जरा वर. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या घरातली तशीच रेघ प्रमाण मानली. आत्याने कागदपत्रं, देव, अंथरुणं माळ्यावर टाकली. तंबोरा काही माळ्यावर जाईना, जिन्याच्या वळणाला दांडी अडकायची. मग तिने जेवणाच्या टेबलावर गादी घातली, तिच्यावर गवसणी घातलेला तंबोरा आडवा निजवला, वरून चादर पांघरली आणि होडीत बसून विश्रामबागेत चुलतभावाकडे गेली. रेघेच्या हिशोबाने टेबल पुष्कळ उंच होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा ते टेबल उलटं होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलं होतं. गादी चिखल पिऊन दगडासारखी जड झाली होती. गवसणी खिडकीखाली सापडली. उचलली तर आत लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, पोत्यात भांडी भरल्यासारखा. नाडी सोडून मी हात घातला. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, वेगळी, भोपळा वेगळा, दांडी वेगळी, खुंट्या तळाशी. आत्या दारातच उभी होती. तिने आत पाहिलं नाही. "सगळे तुकडे आहेत का, तेवढं बघ," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात गावभागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांनी आपापले संसार काढून ठेवले होते. फुगलेली कपाटं, टीव्ही, मुलांची दप्तरं, लग्नातले अल्बम. डंपर येऊन उचलून न्यायचे. गवसणी मीसुद्धा एकदा त्या ढिगापर्यंत नेली होती. नेली आणि परत आणली. हे आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तंबोरा 1964 चा. आत्या गाण्याच्या परीक्षेत पहिली आली आणि आजोबांनी तिला मिरजेला नेलं. सांगलीहून मिरज ती किती लांब, पण त्या दिवशी आजोबा कोट घालून निघाले होते, असं ती सांगते. दुकानात तयार तंबोरे टांगलेले होते. कारागिराने त्यातला एकही खाली काढला नाही. आधी तिला गायला लावलं. काळी चार या पट्टीत ती मोकळी लागते हे पाहिलं, तिची बसण्याची ढब पाहिली, हात पुढे करायला सांगून दांडीवर बोटं कुठवर पोचतात ते पाहिलं, आणि मग म्हणाला, दिवाळीनंतर या. तेव्हा वैशाख चालला होता. सतरा वर्षांच्या मुलीला सहा महिने थांबायला सांगणं म्हणजे काय, हे तिच्या आवाजात अजूनही ऐकू येतं. त्या सहा महिन्यांत ती दोनदा बाबांना घेऊन नुसता भोपळा बघायला गेली होती.

हा भोपळा खायचा नसतो. चवीला कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी तो मुद्दाम तंबोऱ्यासाठी लावतात. वेलावरच पिकवतात, वाळवतात, साल हाताला लाकडासारखी टणक लागेपर्यंत. मग तो मिरजेला येतो आणि कारागिराच्या माळ्यावर पुन्हा पडून राहतो. लाकूड तुणीचं, ज्याला कारखान्यात लाल देवदार म्हणतात. तेही मुरायला ठेवलेलं. मिरजेत तंबोरा करायला महिना लागतो असं कुणी सांगितलं तर तो महिना भोपळा आणि लाकूड तयार झाल्यानंतरचा असतो. त्याआधीची वर्षं कुणी मोजत नाही, कारण त्या वर्षांत माणसाने काही केलेलं नसतं. फक्त घाई केलेली नसते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गवसणी घेऊन मिरजेला गेलो. ज्याने तो तंबोरा घडवला तो कारागीर कधीच गेलेला. त्या गल्लीत कुणी सांगितलं म्हणून दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. आत्या त्यांना चाचा म्हणाली, म्हणून मीही चाचाच म्हणत गेले. त्यांनी जमिनीवर पोतं अंथरलं आणि एकेक भाग काढून मांडला. घाईने नाही, पण रेंगाळतही नाही. दांडी, गळा, तबली, भोपळा, घोडी, चार खुंट्या, मणी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना आपण बघतो तशी. प्रत्येक तुकड्याची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली. मग मान वर करून आत्याला म्हणाले, "ताई, हे बघा. जोड सुटलेत. तुटलेलं नाही."

आत्याला कळलं नाही. मला तर नाहीच नाही. त्यांनी तबलीची कड माझ्या हातात दिली. कड स्वच्छ होती. तुटलेल्या लाकडाला कुसळं असतात, फाटल्यासारख्या रेघा असतात. इथे तसं काहीच नव्हतं. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या रेषेवर दोन भाग जोडले गेले, त्याच रेषेवर ते एकमेकांपासून बाजूला झाले होते.

ही सरसाची करामत. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेला गोंद. तो पाण्यात भिजत घालायचा, मंद आचेवर पातळ करायचा आणि गरम असतानाच लावायचा. गार झाला की असा धरतो की हाताने ओढून सुटत नाही. पण पुन्हा ओल आणि ऊब मिळाली की सोडतो. मला वाटलं, हा तर त्याचा दोष झाला. मी तसं बोलूनही दाखवलं. चाचांनी मान हलवली. तंबोऱ्याचं आयुष्य साठ-सत्तर-ऐंशी वर्षांचं. तेवढ्या काळात कधी तबली खचते, कधी दांडी वाकते, कधी आत काहीतरी सुटून खडखडतं. आतलं काम करायचं तर तो उघडता आला पाहिजे. ज्याने जोडला तो तेव्हा नसणार हे जोडतानाच ठाऊक असतं. म्हणून असा गोंद लावायचा, की पुढच्या माणसाला तो काही न मोडता सोडवता येईल.

भोपळ्याबद्दल मी विचारलं. तो तर चार-पाच दिवस पाण्यात होता. "त्याला पाणी नवीन नाही," चाचा म्हणाले. घडवताना त्याचं तोंड कापून त्याला भिजत घालतात, मऊ पडला की आतला गर खरवडतात, काड्या लावून तोंड हवं तेवढं फाकवतात आणि तसाच वाळू देतात. पुराने त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवलं, एवढंच.

एक जागा मात्र वेगळी होती. गळा आणि दांडी जिथे मिळतात तिथला जोड सुटला नव्हता. त्याच्या शेजारी, दांडीच्या अंगात, वीतभर लांब चीर गेली होती. अख्ख्या तंबोऱ्यात खरोखर तुटलेली जागा तेवढी एकच. चाचांनी तिथे नख मारलं. कडक, पिवळट, काचेसारखं काहीतरी होतं. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी केलं होतं. म्हणजे मी करून आणलं होतं. 1998 साली मी पुण्यात गाणं शिकत होते आणि आत्याने तंबोरा वर्षभरासाठी मला दिला होता. एसटीच्या प्रवासात त्याला धक्का बसला आणि गळ्याचा जोड हलायला लागला. आठवड्यावर परीक्षा होती. एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, संध्याकाळी घेऊन जा. संध्याकाळी तो तयार होता. "आता जन्मात सुटणार नाही," असं त्याने मला सांगितलं आणि मी ते फोनवर आत्याला अभिमानाने सांगितलं. त्याने दोन नळ्यांतून निघणारा, मिसळून लावायचा रासायनिक गोंद भरला होता. तो शब्दाला जागला. पुराच्या पाण्यात बाकीचे सगळे जोड फुगले, सैल झाले, सुटले. हा एक हलायला तयार नव्हता, तेव्हा फुगणाऱ्या लाकडाने शेजारून वाट काढली.

परतीच्या वाटेवर रिक्षात मी आत्याला म्हटलं, की माझी चूक झाली. ती म्हणाली, "तू वीस वर्षांची होतीस गं." त्यावर मला बोलता आलं नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून गेलेली नाही. आपण वस्तूची मजबुती तिच्या न सुटण्यावर मोजतो. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथेही तसंच. दर पंधरवड्याला काहीतरी पुरं करून द्यायचं, बंद करायचं, पुढे जायचं. पाच वर्षांनी कुणी ते उघडेल, त्याला आतलं काही कळावं लागेल, हा विचार वेळापत्रकात बसत नाही. आणि इथे एका माणसाने 1964 साली सांधा जोडताना, आपण मेल्यानंतर तो सोडवणाऱ्या हातांचा विचार केला होता. सावकाश आणि नीट काम करणं म्हणजे काय, याची माझी समजूत तोपर्यंत फार तोकडी होती. मला ते कौशल्य वाटायचं, चिकाटी वाटायची. त्यात न भेटलेल्या माणसाबद्दलचा एवढा आदर असतो, हे मला माहीत नव्हतं.

चाचांनी सांगितलं, संक्रांतीनंतर या. काम सुरू करायला नाही, नुसतं बघायला.

लाकूड वाळायचं होतं. उन्हात ठेवलं की तडकतं, म्हणून सावलीत, वारा खेळता राहील अशा खोलीत, तबलीवर वजनं ठेवून, दर काही दिवसांनी पालथं-उताणं करत. जानेवारीत गेलो तेव्हा चाचांनी दांडी उचलून हातात तोलली, बोटाच्या पेराने तीन ठिकाणी ठोकली आणि परत ठेवून दिली. आवाज बसका होता, मलासुद्धा कळला. "होळीनंतर," ते म्हणाले.

त्या चकरांमध्ये मी मिरज पहिल्यांदा नीट पाहिली. आमच्या घरात मिरजेला जायचं म्हणजे दवाखान्यात जायचं. सांगली-कोल्हापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंतच्या माणसांना मिरज तशीच माहीत असते. पण तंबोऱ्याची मिरज वेगळी आहे. हे काम करणारी मुळातली घराणी शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणाऱ्यांची. हत्यारांचे दिवस सरत आले तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि पुढे आडनावच सतारमेकर पडलं. धातूला धार लावताना जो कान आणि जो हात लागतो, तोच घोडीला कानस लावताना उपयोगी पडत असेल, असं मला वाटतं. याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णू दिगंबर पलुस्कर गाणं शिकले. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले, आणि 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांना मिरजेलाच आणलं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. खाँसाहेब तंबोरे कसे लावायचे याच्या गोष्टी किराणा घराण्याच्या गायकांमध्ये अजून सांगितल्या जातात. गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहात होते. गायकाने सकाळी कुरकुर करावी आणि कारागिराने दुपारी कानस घेऊन बसावं. मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज अशा रोजच्या कुरकुरीतून घडला असणार.

होळीनंतर गेलो तेव्हा चाचांनी तबलीची आतली बाजू दाखवली. ती मला गुळगुळीत असेल असं वाटलं होतं. जुने कारागीर न दिसणारी बाजूही कशी चकचकीत करायचे, हे आपण इतकं ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात आत वाकसाचे घाव तसेच होते, रंधा फिरलेलाच नव्हता. मी जवळजवळ खट्टू झाले. चाचांनी माझं बोट धरून आतून कडेपर्यंत फिरवलं. मधे लाकूड जाड, कडेला जाताना पातळ होत गेलेलं, आणि तो उतार इतका एकसारखा की बोटाला कुठे पायरी लागेना. घाव खडबडीत होते, उतार चुकलेला नव्हता. "आवाजाला जेवढं लागतं तेवढं त्याने केलंय," चाचा म्हणाले. "जिथं लागत नाही तिथं हात लावलेला नाही."

मग मार्च 2020 ची अखेर आली. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. मैफली थांबल्या, शिकवण्या थांबल्या, त्या गल्लीतलं कामही थांबलं. एप्रिलमध्ये चाचांचा फोन आला. आवाज ओढलेला होता. "ताई, थोडे पैसे आधी मिळाले तर बरं होईल." आत्याने त्याच दिवशी भाच्याकरवी पाठवले. त्या उन्हाळ्यात चाचांच्या पुढ्यात आमचा तंबोरा हे एकच काम होतं. गळ्यातला तो काचेसारखा गोंद त्यांनी पटाशीने खरवडून काढला. घासकागद लावला असता तर शेजारचं चांगलं लाकूडही गेलं असतं, म्हणून नुसती पटाशी, कणाकणाने. याला आठ-दहा दिवस लागले. मग चिरलेला भाग कापून तिथे त्याच जातीच्या जुन्या लाकडाची पट्टी बसवली, रेषा रेषांना जुळवून. त्यानंतर तबली, मग भोपळा, मग चपडा लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने हात देत देत. मध्येमध्ये ते फोटो पाठवायचे. आत्या चष्मा लावून फोटो मोठे करून बघायची आणि मला फोन करून सांगायची, आज दांडी उभी राहिली.

जवारी, म्हणजे तारांचा झंकार जुळवायचं काम, मात्र त्यांनी ठेवली होती. "त्याला तुम्ही समोर पाहिजेत."

दिवाळीनंतर मी पुण्याहून गेले. तोंडाला मास्क लावून आम्ही तिघं कारखान्याच्या ओसरीवर बसलो.

जवारी समजायला घोडी समजावी लागते. तंबोऱ्याची घोडी म्हणजे हाडाची किंवा शिसवीची रुंद पट्टी, तिच्यावरून चार तारा जातात: पंचमाची, मग षड्जाच्या दोन, ज्यांना जोड म्हणतात, आणि शेवटी खालच्या षड्जाची, म्हणजे खर्जाची. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी मंद उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून तो लांबत जाणारा झंकार निघतो. उतार जरा जास्त झाला तर आवाज कोरडा, जरा कमी झाला तर नुसती चरचर. रोजच्या वाजवण्याने तार हाडात खाच पाडते आणि उतार बिघडतो. म्हणून जवारी कधीच कायमची होत नाही. ती काही वर्षांनी पुन्हा काढावी लागते. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तारेच्या नियमांप्रमाणे जे स्वर तिथे ऐकू यायलाच नकोत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात आणि त्याचं कारण ही घोडी आहे, हे त्यांनी त्यात दाखवलं. पण तो उतार नेमका किती, हे आजही कानच ठरवतो.

आमच्या घोडीवर चार खाचा होत्या, 1998 नंतर कुणी हात न लावलेल्या. चाचांनी तार उचलून बाजूला सरकवली, बारीक कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, तार जागेवर आणली, छेडली. पुन्हा बाजूला सरकवली. पुन्हा दोनदा. हाडाची पांढरी पूड त्यांच्या गुडघ्यावर साचत होती. आत्या डोळे मिटून होती.

"पंचम बोलतोय," ती म्हणाली. "जोड अजून झाकलेला आहे."

"हं."

पुन्हा कानस. तासाभराने मला दोन छेडण्यांमधला फरक कळेनासा झाला. त्या दोघांना कळत होता. एकदा चाचा म्हणाले झालं, आत्या म्हणाली नाही. एकदा आत्या म्हणाली झालं आणि चाचांनी मान हलवली. मग त्यांनी कानस खाली ठेवली. "आज बस. कान भरले." दुपारचे तीन वाजले होते आणि मला दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग होती. मी ती रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्ज उरला होता. वीस मिनिटांत तो झाला. मग चाचांनी पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक पदर सुटा केला, चार तुकडे केले, आणि प्रत्येक तारेखाली घोडीवर एकेक सरकवला. हे सूत. ते केसभर पुढे-मागे होतं तसा आवाज बंद होतो आणि उघडतो. पहिल्या तीन तारा लागल्या. खर्जाखालचं सूत त्यांनी नखाने ढकललं, छेडलं, अजून ढकललं, छेडलं. आणि एका जागी तो आवाज उघडला. मला दुसरा शब्द सुचत नाही. तोवर तो तारेतून येत होता, आता तो भोपळ्यातून, ओसरीतून यायला लागला. आत्याने तंबोरा ओढून घेतला आणि स्वतः छेडायला लागली. पंचम, जोड, जोड, खर्ज. पाच-सहा आवर्तनांनंतर ती थांबली नाही, पण तिने डाव्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाली, "ऐक. गंधार."

चारही तारांत गंधार कुठेच लावलेला नसतो. षड्ज-पंचम खरे जुळले आणि जवारी खरी निघाली, की खर्जाच्या पोटातून तो आपोआप वर येतो. गाणारी माणसं त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पुण्यात मी इतकी वर्षं यंत्रावर गायले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि घराघरात पोचला. आता तर तो फोनमध्येच असतो. त्याने गाणं सोपं केलं, माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्यांना टिकवून धरलं, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण तो पहिल्या क्षणापासून बरोबर असतो. आत्याच्या गुरूंनी तिला पहिले सहा महिने फक्त तंबोरा लावायला बसवलं होतं. रोज थोडा उतरलेला, थोडा चढलेला तंबोरा स्वतःच्या कानाने खरा करायचा, हाच तेव्हा रियाज होता. फोन माझ्याकडून ते काम मागत नाही, आणि माझा कान इतक्या वर्षांत कुठे मंदावला हे मला त्या ओसरीवर कळलं. तो गंधार ऐकायला मला आणखी पाचेक मिनिटं लागली.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरातलं कात्रण आत्याने मला फोटो काढून पाठवलं. मला आनंद झाला, त्या गल्लीचं नाव कागदावर यायलाच हवं होतं. पण मला आणखी काही हवं आहे. आज विकत घेतलेल्या तंबोऱ्याची जवारी 2060 साली काढणारं कुणीतरी त्या गल्लीत असायला हवं. चाचांचा मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रविवारी येतो, पॉलिशचा हात बराच बसलाय, असं चाचा सांगतात. जवारी अजून त्याच्या हाती दिलेली नाही. "कान व्हायला दहा वर्षं," ते म्हणतात. दहा वर्षं रविवारच्या रविवार, आणि तेही घर पगारावर चालत असताना. तंबोरा घेताना आपण किमतीवरून घासाघीस करतो तेव्हा या दहा वर्षांचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो पडायला हवा, आणि जो गातो त्याला आधी पडायला हवा. मी आता दर दोन वर्षांनी, गरज असो नसो, तंबोरा तपासायला मिरजेला नेते आणि मुलाला समोर बसवायला सांगते.

त्या दिवशी निघताना आत्याने गवसणीची नाडी बांधता बांधता विचारलं, "गळ्याला काय लावलंत?"

"सरस."

"पुन्हा पाणी आलं तर?"

"तर पुन्हा सुटेल," चाचा म्हणाले. "घेऊन या."

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं. या वेळी आत्या रेघेवर विसंबली नाही. आयर्विन पुलापाशी पातळी 40 फुटांवर गेल्याची बातमी आली तशी तिने रिक्षा बोलावली. तंबोरा गोधडीत गुंडाळून मांडीवर आडवा घेतला. भोपळा आत, दांडी एका बाजूने बाहेर, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी. विश्रामबागेत पोचल्यावर तिने मला व्हिडिओ कॉल केला. बाहेर धो धो पाऊस होता आणि ओल्या हवेने चारही तारा उतरल्या होत्या. फोन तिने खिडकीला टेकवून ठेवला आणि माझ्याशी बोलायचं सोडून ती खर्जाची खुंटी पिळत बसली.